बोंडाची टोकं

आधीच माफी मागते. यासीनचाचांवर लिहायचा हक्क त्यांच्या घरच्यांचा, किंवा उंद्रीच्या बाजारात ज्यांनी रोज त्यांच्यासोबत चहा घेतला त्यांचा. मी त्यांची नात्याने कोणीच नव्हे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून लिहायची हिंमत तेवढी आली. सवय अजून नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

चाचा गेल्याचं मला बुलढाण्याला, वसतिगृहात कळलं. मायचा फोन आला. "यासीनभाऊ गेले वं..." एवढंच म्हणाली. फोन ठेवल्यावर मला आधी रडू आलं नाही, एकच आठवलं. त्यांना सांगायची एक गोष्ट मी वर्षभर लांबणीवर टाकत आले होते.

चाचा भिंती रंगवायचे. आमचं घर रस्त्याला लागून, एसटीतून उतरणाऱ्याला आधी आमची भिंत दिसते. बीटी कपाशी आल्यापासून दर उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी, कुठल्या ना कुठल्या बियाण्याची जाहिरात त्या भिंतीवर यायची. चाचा सायकलला रंगाचे डबे अडकवून येत. निळीची पूड चोळलेली दोरी खिळ्याला बांधून भिंतीवर ताणत, मधोमध चिमटीत धरून सोडत, की एकदम सरळ निळी रेघ! आमच्या शाळेत चित्रकलेला शिक्षक नव्हता, त्या तासाला गणित व्हायचं. त्यामुळे चित्र कसं तयार होतं हे मी पहिल्यांदा बसून पाहिलं ते आमच्याच अंगणात, नववीत असताना.

त्या वर्षी त्यांनी कंपनीच्या फोटोवरून मोठं पांढरंशुभ्र बोंड काढलं. माय पाण्याची घागर घेऊन आली, थांबली आणि म्हणाली, "यासीनभाऊ, हे बोंड हाय का बतासा?"

"काऊन भाभी? फोटोत तं असंच हाय."

"याची टोकं कुठं गेली? येचता येचता बोटं फाटतात ती?" आणि तिने बोटं पुढे केली. चाचांनी ती नीट निरखली. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस, कापूस कधी वेचला नव्हता. मग त्यांनी ब्रश धुतला आणि पांढऱ्या कापसाखाली सुकलेल्या बोंडाची तपकिरी, अणकुचीदार टोकं काढली. माय म्हणाली, "आता टोचते." चाचा इतके हसले की शिडी हलली.

पुढे गुलाबी बोंडअळीचं वर्ष आलं. हिवाळ्यात माय बोंड उकलायची तर आत कापूस चिकटलेला, डागाळलेला असायचा. मी बारावीची परीक्षा दिली तो उन्हाळा. चाचा आले, अक्षरं लिहिली, पण बोंडाची जागा दुपारपर्यंत कोरीच ठेवली. मग मायला म्हणाले, "भाभी, एक बोंड दाखवा." वावरातून उपटून आणलेल्या पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळक्या झाडांचा, ढीग घरामागे होता. मायने त्यातलंच एक आणून दिलं. तीन पाकळ्या फुटलेल्या, चौथी काळी पडून मिटलेली. चाचांनी तेच काढलं, जसं होतं तसं.

संध्याकाळी जीपमधून कंपनीचा माणूस आला. "हे काय काढलं बे?"

"बोंड."

"फोटोतलं काढ ना!"

"ते लय वर्सं काढलं, साहेब."

दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन त्या बोंडावर चुना मारून गेलं. चाचांना कंपनीचं काम पुन्हा मिळालं नाही. पण त्या संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर बसून म्हणाले ते मला लख्ख आठवतं. "मले शाळेत कोणी चित्र शिकोलं असतं ना बेटा, तं मी पह्यलं वावरात जाऊन पाह्यलं असतं. फोटोतून काढतच नसतो..."

मी तिथेच म्हणाले, "मी होईन चित्रकलेची मास्तरीण."

मला वाटलं होतं, ते खूश होतील. ते चिडले. "येडी झाली का वं? माह्या हाताकडं पाह्य. शेतकीचा डिप्लोमा कर." बाचंही तेच. "चित्रकलेच्या मास्तरले कोण इचारते? त्याच्या तासाले गणित घेतात." मी तरी कला शिक्षक पदविकेचाच अर्ज भरला. बाने सही केली, पण कित्येक दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आणि मी चाचांवर रुसले. ठरवलं, आता खऱ्या शाळेत, खऱ्या मुलांपुढे पहिला पाठ घेईन, तेव्हाच त्यांना तोंड दाखवीन. तो पाठ झाला. मुलांना मी आधी शाळेमागच्या वावरात नेलं, बोंडाला हात लावायला सांगितलं, मगच कागद दिले. एका मुलीने टोकं इतकी मोठी काढली की कापूस दिसेचना... हे चाचांना सांगायचं होतं. पुढच्या सुट्टीत, पुढच्या सुट्टीत करत राहिले.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर मायसोबत उंद्रीला चाचांच्या घरी गेले. चाचीने चहा दिला, आणि आतून एक पत्र्याचा डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. आत ती दोरी होती. झाकण उघडताच बोटं निळी झाली.

"तुह्यासाठीच ठेवली त्यायनं. म्हणे, पोरीले फळ्यावर रेघ माराले लागंन."

"फळ्यावर?" मला काही कळेना. "पण चाची, या शिकण्याचं मी तर त्यांना सांगितलंच नव्हतं."

"तुहा बा आल्ता ना दिवाळीत," चाची म्हणाली. मायने चमकून माझ्याकडे पाहिलं. तिलाही हे माहीत नव्हतं. "सायकलवरून उतरलाबी नाही. दारातूनच म्हणे, 'पेंटर, पोरगी चित्रकलेची मास्तरीण होऊन राह्यली. मले वाटलं, तुले पह्यलं सांगाव...' अन् आमचे हे, तब्येत बरी नसूनबी, त्या दिवशी साऱ्या गल्लीले सांगत फिरले."