शेजारचा पाहुणा

घोटावड्याच्या पुढं एक प्रयोगशाळा आहे, तिथं मी उंदरांचं बघते. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणापाणी, आणि मॅडमच्या चाचणीला उंदीर काढून देणं. गावात लोक हसतात. हसू देत. उंदराच्या स्वभावाची परीक्षा घेणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही.

चाचणी तशी साधी. पेटीत एक उंदीर सोडायचा. एका जाळीखाली त्याला थोड्या वेळापूर्वी भेटवलेला उंदीर, दुसऱ्या जाळीखाली अनोळखी. धडधाकट उंदीर अनोळख्याला जास्त हुंगतो. आमचे मात्र दोन्हीकडं सारखेच रेंगाळायचे. ज्या औषधाचा परिणाम बघायचा, ते द्यायच्या आधीच ही गत. मॅडम रडकुंडीला आल्या होत्या, कारण चाचणी बसली नाही तर त्यांचं सगळं कामच बंद होणार होतं.

अनोळखी उंदीर मीच काढून द्यायचे, शेजारच्या पिंजऱ्यातला. पिंजरा वेगळा, म्हणून कागदावर तो अनोळखी. पण मेंढरं मी लहानपणापासून पाहिलीत. दोन कळप एक रात्र जाळीला जाळी लावून बसवले, की सकाळी कोणी कोणाला हुंगत नाही. हे सांगावं की गप्प बसावं, यात माझे दोन दिवस गेले. मी बारावी नापास, आणि समोर डॉक्टरेट झालेली बाई. शेवटी पिंजरे धुता धुता बोलूनच टाकलं.

"मॅडम, शेजारी कवा पाव्हणा अस्तोय व्हय? जाळीतनं ह्यांची वळख झालेली हाय. पाव्हणा लांबचा आना."

त्या हसल्या नाहीत. पलीकडच्या इमारतीतून त्यांनी उंदीर मागवले. पेटीत सोडलेला पहिलाच उंदीर ओळखीच्या जाळीकडं ढुंकूनही न बघता नव्याकडं गेला आणि तिथंच घुटमळत राहिला. दुसरा, तिसरा, चौथाही तसाच. मॅडम घड्याळ धरून वेळ लिहीत होत्या आणि माझा ऊर अभिमानानं भरून आला होता.

त्याच आठवड्यात पुण्याहून मोठे साहेब आले. मॅडमनी मला पुढं केलं, चूक हिनं पकडली म्हणून सांगितलं. साहेबांनी विचारलं, हे कुठं शिकलात?

नोकरीच्या अर्जात वडिलांच्या धंद्यापुढं मी 'शेती' लिहिलं होतं. मेंढरं लिहायची लाज वाटली होती.

"आमच्या आबांकडं," मी म्हणाले. "ते मेंढरं राखत्यात."