कड न सोडणारी चांदणी

सोजरबाईंना सुट्टी नको होती. १९३५ सालच्या डिसेंबरात मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाच्या नव्या अधीक्षिका मिस टर्नबुल यांनी ती देऊ केली, तेव्हा त्यांना ती अपमानासारखी लागली.

मिस टर्नबुल त्याच वर्षी सोलापुरात आल्या होत्या. त्यांनी पंडिताकडून मराठी शिकून घेतली होती आणि त्या ती पुस्तकातल्यासारखी बोलत. "या वर्षी नाताळाची बिस्किटे आपण मुंबईहून डब्यांत मागवू," त्या म्हणाल्या. "म्हणजे तुम्हांला विश्रांती मिळेल."

"इश्रांती घिऊन मी करू काय?" सोजरबाईंनी विचारले.

प्रश्न खरा होता. बार्शीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या सोलापुरात आल्या. नवरा कोंडीबा गिरणीत लागला, त्या वसतिगृहाच्या चुलीपाशी लागल्या. ज्वारीच्या भाकऱ्या, आमटी, रविवारी भात, हे काम दुसरी कोणतीही बाई करू शकली असती आणि सोजरबाईंना ते माहीत होते. नाताळाची बिस्किटे मात्र त्यांच्याशिवाय कोणाला येत नव्हती. आधीच्या अधीक्षिकेने, जुन्या मडमांनी, त्यांना ती शिकवली होती. पीठ लाटायचे, पत्र्याच्या साच्याने त्यातून चांदण्या, घंटा, मेंढरे कापायची, भाजून वर साखरेचे रंगकाम करायचे. नाताळच्या दुपारी उपासना संपली की माणसे मिशनच्या देवळाच्या पायऱ्यांवरून थेट त्या परातींकडे वळत. वर्षभर त्या स्वयंपाकीणबाई असत. त्या एका दिवशी लोक त्यांना नावाने हाक मारत.

मिस टर्नबुल यांचे म्हणणेही वावगे नव्हते. जुन्या मडम उन्हाळ्यात कायमच्या मायदेशी गेल्या, तेव्हा त्यांनी साचे बरोबर नेले. ते त्यांच्या आईचे होते. बिस्किटे भाजायची पत्र्याची पेटी तळातून गंजून भंगारात गेली होती. साचे नाहीत, पेटी नाही, मग बिस्किटे होणार कशी?

शेवटी तडजोड झाली. नाताळाआधीच्या रविवारी चहाच्या वेळी सोजरबाईंनी एक बशी दाखवायची.

"तारा हा ताराच दिसला पाहिजे," मिस टर्नबुल म्हणाल्या.

"आन् न्हाय दिसला तर?"

"तर मुंबई."

सोजरबाई नवी पेठेमागच्या बोळात निंगप्पा पत्रेवाल्याकडे गेल्या. निंगप्पाला मान वर करायला सवड नव्हती. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, आणि जत्रेत विकायचे पत्र्याचे पोपट, हत्ती, शिट्ट्या यांचा त्याच्या पुढ्यात ढीग पडला होता.

"अक्का, गड्ड्याचं काम सोडून तुझी चांदणी वळत बसू काय?"

"बस की. देवाचं काम हाय."

"तुझ्या देवाचं. माझा देव जत्रेत वाट बघतोय."

तरी त्याने रॉकेलच्या डब्याच्या पट्ट्या कापल्या. चांदणी आणि घंटा त्याला लगेच जमल्या. मेंढरू शेपटीमुळे थोडे कुत्र्याकडे झुकले. नाताळाचे झाड त्याने कधी पाहिलेच नव्हते. सोजरबाईंनी हाताने दाखवले, "खाली रुंद, वर निमुळतं, थरावर थर." दुसऱ्या दिवशी तयार साचा हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"निंगप्पा, ही उतरंड हाय."

"थरावर थर म्हणालीस. वर निमुळतं म्हणालीस. मी काय चुकलो?"

एकावर एक रचलेली मडकी डोळ्यांपुढून जाईनात, पण निंगप्पा दुसरा साचा करायला तयार नव्हता. उलट समजूत म्हणून त्याने खेळण्यांच्या मापाचे पोपट आणि हत्ती असे दोन साचे वर फुकट दिले. "हत्ती चालतो का तुमच्यात?"

"चालतो. नोहाच्या तारवात व्हता की," सोजरबाई म्हणाल्या आणि साचे पदराला बांधून निघाल्या.

भाजण्यासाठी विजापूर वेशीजवळची लाडलेसाब यांची पावाची भट्टी ठरली. पहिल्या खेपेच्या चांदण्या भट्टीत गेल्या तेव्हा पाच टोकांच्या होत्या, बाहेर आल्या त्या गोल. कोंडीबा एव्हाना गिरणीतले काम सोडून वसतिगृहाच्या फाटकावर राखणीला बसत असे. त्याने एक उचलून उन्हात धरली.

"चांदणी म्हणालीस. ह्यो तर पुनवेचा चंद्र हाय."

"गप बसा."

"न्हाय, चंद्र बी चांगलाच असतोय."

सोजरबाईंनी तीच चांदणी लाडलेसाबांपुढे नेली. "जरा तोंडात घालून सांगा, काय चुकलं?"

"रोजा हाय, बाई," लाडलेसाब म्हणाले. रमजान सुरू होता आणि ईद नाताळाला अगदी लागून येत होती. "नाकानं सांगतो." त्यांनी बिस्किट मोडून हुंगले. "पापडखार टाकला?"

"मडम डब्यातली पांढरी पूड घालायच्या. ती संपली."

"नानकटाई फुगती, पसरती, वो उसका धंदा है. तुमच्या चांदणीला जागेवर ऱ्हायचंय. उसकू खार नक्को."

दुसऱ्या खेपेला सोजरबाईंनी खार सोडला आणि भीतीपोटी तूपही निम्मे केले. टोके अशी धारदार आली की बोटाला लागावीत. कोंडीबाने एक चावून पाहिली, मग चहात बुडवली, मग पुन्हा बुडवली.

"कड तर सुटली न्हाय," सोजरबाई म्हणाल्या.

"कडच काय, काईच सुटंना. फाटकाच्या दाराखाली पाचर मारायला दे ही."

तूप पुरते घातले तर पसरते, कमी घातले तर दगड. त्यातून वाट डिसेंबरच्या थंडीने दाखवली. पहाटे भाकरीला बसण्याआधी सोजरबाईंनी तुपाची बरणी उघडली, तर पळी आत जाईना. तूप असे थिजलेले असताना चांदणी भट्टीत गेली तर वितळून पसरण्याआधी तिची कड भाजून निघेल, असा त्यांनी अंदाज बांधला. शुक्रवारी संध्याकाळी तूप पुरते घालून बिस्किटे कापली आणि पत्र्यांवर मांडून अंगणातल्या बाजेवर रात्रभर थंडीत ठेवली. मुंग्या येऊ नयेत म्हणून बाजेच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. त्या रात्री कोंडीबाने फाटकाऐवजी बाजेची राखण केली. वसतिगृहात चोर आला असता तर त्याला कोणी अडवले नसते.

शनिवारी उजाडताना बिस्किटे पाटीसारखी ताठ होती. ऊन चढायच्या आत दोघे डोक्यावर पत्रे घेऊन नवी पेठेतून झपझप निघाले. दुकाने अजून उघडत होती. भट्टीवर मात्र गर्दी होती. ईदेसाठी घराघरांतून रवा, तूप, साखर आली होती आणि जो तो आपल्या नानकटाईचा नंबर विचारत होता. लाडलेसाबांनी पाव काढून भट्टी जराशी निवू दिली आणि सोजरबाईंचे पत्रे आत सरकवले.

ते बाहेर आले तेव्हा सोजरबाईंनी आधी टोके बघितली. पाचही होती. मेंढराला चार पाय होते, हत्तीला सोंड होती, उतरंडीचे थर वेगळे दिसत होते. लाडलेसाबांनी एक चांदणी नखाने वाजवून बघितली. "अब बोलो," एवढेच ते म्हणाले.

वसतिगृहात दुपारचा स्वयंपाक पडला होता. बिस्किटे निवली की डब्यात भरून आणा, असे कोंडीबाला बजावून सोजरबाई परतल्या. दुपारी त्याने डबा आणला, त्यांनी त्यावरचा पंचा सोडला, आणि आत नानकटाई निघाली. गोल, फुगलेली, वर चारोळी लावलेली, उत्तम नानकटाई.

"हे काय आणलंसा?"

कोंडीबाने आत डोकावून पाहिले. "पंचा तर आपलाच हाय की."

पंचा निळ्या काठाचा होता. तो गिरणीत कामगारांना मिळत असे, आणि त्या भागातल्या निम्म्या डब्यांवर तोच बांधलेला असे.

"तुमी तिथंच बसला व्हता ना?"

"बिडीची तलफ आली. रोज्याच्या माणसांसमोर कशी वढायची? म्हणून भायेर गेलो जरा."

"रोज्याची एवढी काळजी, आन् माझी?"

"तू रोजा धरला व्हतास का?"

सोजरबाई पायांत वहाणा सरकवून डबा घेऊन निघाल्या. उद्या रविवार होता. पुन्हा पीठ मळून, रात्रभर थंडीत ठेवून, भट्टी मिळवायला वेळ नव्हता, आणि रविवारी चहाला बशी रिकामी गेली तर नाताळ मुंबईच्या डब्यांचा. कोंडीबा मागून येत होता. नवी पेठेत दोघांत हातभर अंतर होते, विजापूर वेशीपर्यंत ते दहा हात झाले.

लाडलेसाबांनी चारोळी बघितली आणि लगेच ओळखले. "हुसेनबीचा डबा. तिचा घरवाला नेला असंल." हुसेनबीचा नवरा त्याच गिरणीत मागावर होता.

वेशीच्या आतल्या बोळात हुसेनबीचे घर सापडले. दारात पाऊल टाकताच आतून आवाज आला, "अगे माँ! मैं बोली, लाडलेसाबकू क्या हुआ? नानकटाई मंगाई तो हत्ती भेजे!"

डबा शाबूत होता. घरातली मोठी माणसे रोज्याची, त्यामुळे सकाळपासून कोणी त्याला तोंड लावले नव्हते. मुलांना रोजा नव्हता. ती हुसेनबीच्या मागे उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात अर्धा पोपट होता. हत्तींच्या सोंडा बहुतेक गेल्या होत्या. नाजूक म्हणून त्या आधी मोडल्या आणि मोडल्या म्हणून खाल्ल्या गेल्या, असे हुसेनबीने समजावले. चांदण्यांना कोणी हात लावला नव्हता. जनावरे सोडून त्यांच्याकडे कोण बघणार?

सोजरबाई खाली बसल्या आणि एकेक चांदणी काढून पदरावर मांडू लागल्या. टोके बघून झाल्यावरच त्यांनी हुसेनबीने पुढे केलेला पाण्याचा तांब्या घेतला.

"पोपट राहू दे पोरांना," त्या म्हणाल्या.

"नानकटाई तुमी थोडी घेऊन जावा," हुसेनबी म्हणाली. "तुमचे हत्ती-मेंढरू कैसे बने, वो तो देखूं?"

त्यासाठी थांबावे लागले. दिवस मावळून मगरिबची अजान झाली, रोजा सुटला, हुसेनबी खजूर खाऊन पाणी प्याली आणि मग तिने एक मेंढरू तोंडात टाकले. सोजरबाई तिच्या जबड्याकडे बघत होत्या. त्यांनी स्वतः अजून एकही चाखले नव्हते.

"कड़क नै, नरम नै. अच्छा है," हुसेनबी म्हणाली. "चुटकीभर नमक नक्को क्या इसमें?"

"गोडात मीठ?"

"चुटकीभर बोली मैं."

सोजरबाईंना ते आवडले नाही. पण रविवारी उपासनेनंतर त्यांनी वरच्या थरासाठी साखर कुटली, तिच्यात लिंबू पिळले, तेव्हा चिमूटभर मीठही पडले. ते कोणी सुचवले हे त्यांनी कोंडीबालाही सांगितले नाही. मग कडुनिंबाच्या काडीने रंगकाम सुरू झाले. चांदण्यांवर पांढरी साखर आणि प्रत्येक टोकाला संक्रांतीच्या हलव्याचा एकेक दाणा. मेंढरांच्या अंगावर तीळ. घंटांना हळदीचा पिवळा रंग. उतरंडी पालकाच्या रसाने हिरव्या केल्या, म्हणजे निदान रंगाने तरी त्या झाड ठरल्या. हत्तींपुढे मात्र काडी थबकली. शेवटी त्यांना नुसते डोळे दिले.

चहाच्या वेळी सोजरबाईंनी बशी टेबलावर ठेवली आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कोंडीबा दाराबाहेर होता, पण दिसेल इतकाच बाहेर. मिस टर्नबुल यांनी चांदणी उचलली आणि बोटाने एकेक टोक मोजले. चेहऱ्यावर काही दिसले नाही. ती खाली ठेवून त्यांनी हिरवे बिस्किट उचलले.

"हे झाड आहे?"

"झाडच हाय, मिससाब," सोजरबाई म्हणाल्या. "आमच्याकडं असं असतंय."

"आणि हा प्राणी?"

दारातून कोंडीबा म्हणाला, "हत्ती हाय जी. सोंड रोज्याच्या घरी ऱ्हायली."

मिस टर्नबुल यांना त्याचा अर्थ लागला नाही. त्यांनी तो विचारला. मग पंचा, बिडी, पोपट, अजान, सगळे सांगावे लागले. सोजरबाई सांगत होत्या, कोंडीबा मध्ये मध्ये दुरुस्त करत होता आणि गप्प बसवला जात होता. मिठापाशी आल्यावर मात्र सोजरबाई ते गाळून पुढे गेल्या. गोष्ट संपेपर्यंत मिस टर्नबुल यांनी हत्ती खाल्ला होता, मेंढरू खाल्ले होते आणि चांदणीचे एक टोक मोडले होते. मग त्या हसल्या. वसतिगृहात त्यांना हसताना त्या दिवसापर्यंत कोणी पाहिले नव्हते.

"मुंबईला कळवायचे नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या मुलींना आणि सगळ्या मंडळीला पुरतील इतकी किती दिवसांत होतील?"

"भट्टीला ईदेची गर्दी हाय. पर लाडलेसाब माझा नंबर लावतील. आज कापून ठिवली तर उद्या पहाटे भाजून येतील."

"मग मी मदत करते. मला शिकवा."

सोजरबाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट बघितले. मग त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या, चुलीपासून दूर पाट मांडला आणि साखरेचा खलबत्ता पुढे सरकवला. मिस टर्नबुल यांनी बाह्या वर सारल्या.

"बारीक कुटा, मिससाब," सोजरबाई पिठाकडे वळत म्हणाल्या. "खडा ऱ्हाता कामा न्हाय. ऱ्हायला तर परत कुटायला लावीन."