आपांच्या माजलेल्या पेशी

पेशी भराभर वाढताना दिसल्या की आमच्या आपांचं तोंड उतरायचं. बाकीच्या जगात वाढ दिसली की लोक पेढे वाटतात. आम्ही मुली सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून हरखून सांगायचो, की आपा, तबकडी दोन दिवसांत भरली. मग त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, एक डोळा मिटून बराच वेळ पाहायच्या आणि म्हणायच्या, "माजल्या ह्या. बाजूले ठेव." झालं, आठवडाभराची मेहनत बाजूला. मला तर कित्येकदा वाटायचं, या बाईला कुणाचं भलं झालेलं बघवतच नाही.

आपा म्हणजे अमरावतीच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. माहेर अकोल्याचं, वडिलांची शेती मूर्तिजापूरकडे. दारावरच्या पाटीवर नावामागे डॉक्टर होतं, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्यांना आपाच म्हणत. आमचं काम सांगायला सोपं होतं. प्रसूतिगृहातून आईबापांच्या परवानगीने बाळाची नाळ आणायची, तिच्यातल्या मूळपेशी काढून तबकडीत वाढवायच्या, आणि वाढता वाढता त्यांची गुणसूत्रं जशीच्या तशी राहतात का, ते तपासायचं. राहतात कुठली! एखादीचं गुणसूत्र तुटतं, एखादीत जास्तीचं येतं, आणि नेमकी तीच बिघडलेली पेशी बाकीच्यांना मागे सारून वाढत सुटते. बघता बघता तबकडीभर तिचंच राज्य. आमच्या वलगावात कपाशी माजते तेव्हा असंच होतं. झाड डोक्याएवढं, पानं हिरवीगार, आणि बोंडं बघावीत तर नाहीत. आपांनी तो शब्द शेतातून उचलून थेट प्रयोगशाळेत आणला होता.

या शब्दापायी एकदा भलतंच झालं. पुण्याहून एक परीक्षक आले होते. आम्ही चौघी भिंतीला लागून उभ्या, समोर तबकड्या मांडलेल्या. ते म्हणाले, वा, छान प्रगती दिसते आहे. आपा शांतपणे म्हणाल्या, "काहीची प्रगती, सर. माजल्या ह्या साऱ्या." परीक्षकांनी आमच्याकडे पाहिलं, मग आपांकडे, आणि अगदी हळू आवाजात त्यांना समजावलं, की मॅडम, मुलींना त्यांच्या तोंडावर असं बोलू नये, त्या खचतात. आपांना आधी कळेचना. कळलं तेव्हा त्या अशा हसल्या, की सरांच्या कपातला चहा त्यांच्या बशीत आला. पुढे वर्षभर आम्ही एकमेकींना माजल्या म्हणूनच हाक मारत होतो.

एका तबकडीतल्या पेशी काढून दुसरीत घातल्या की आम्ही म्हणायचो एक पिढी झाली. जितक्या पिढ्या जास्त, तितका बिघाडाचा धोका जास्त. त्यामुळे "कितवी पिढी?" हा आपांचा दिवसातला पहिला प्रश्न असे. नमस्कार-चमत्कार नंतर. प्रश्न इतका जिभेवर बसला होता, की कुणा पुढाऱ्याचा मुलगा निवडणुकीला उभा राहिल्याची बातमी निघाली तरी त्या पेपरवरून नजर न काढता विचारायच्या, कितवी पिढी?

गुणसूत्रांच्या जोड्या लावायचं काम संगणकावर होत असे, पण संशय आला की आपांचा त्या यंत्रावर विश्वास नसे. त्या फोटो मोठा छापून घ्यायच्या, खाली चटईवर मांडी घालायच्या आणि कात्रीने एकेक गुणसूत्र कापून जोडीला जोडी लावायच्या. रमजानमध्ये हे काम मुद्दाम दुपारी काढत. बाहेर अमरावतीचं ऊन, पंखा भारनियमनात बंद, जनरेटरची वीज फक्त पेशींसाठी. मी म्हणायचे, आपा, निदान आज तरी पडा थोड्या. त्या म्हणायच्या, जोड्या लावताना तहान आठवत नाही.

ती वर्षं आमच्याकडे फार वाईट होती. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची, आज कुठल्या गावच्या शेतकऱ्याने जीव दिला असेल म्हणून. कापसाला भाव नाही, आणि ही बाई काचेच्या तबकड्यांत काय पिकवते, असं लोक तोंडावर विचारत. आपा वाद घालत नसत. त्यांचा धाकटा भाऊ सलीम अकोल्यात फवारणीचे पंप दुरुस्त करायचा, त्याला मात्र त्यांच्या कामाचा भारी अभिमान होता. बहीण माणसाचं बियाणं राखून राहिली, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा.

तोच सलीम मोटारसायकलवरून पडला आणि त्याचा मणका गेला. कमरेखाली काही कळेना. घरात बायको पोटुशी. त्या काळात मणक्यात मूळपेशी सोडून पाहणारे डॉक्टर होते. खात्री कोणी देत नव्हतं, पण आशा सगळे देत होते. सलीमला मुलगा झाला, तेव्हा आपा स्वतः अकोल्याला गेल्या आणि नाळेचा बर्फातला डबा मांडीवर घेऊन गाडीने परत आल्या. पोराच्या नाळेतून बाप उभा राहणार, असं घरात सगळ्यांनी धरून चाललं. त्यांच्या अम्मींनी तर सलीमसाठी नव्या चपला आणून ठेवल्या.

पेशी वाढल्या. फारच छान वाढल्या. डॉक्टरांनी दिवस ठरवला. मी सूक्ष्मदर्शकाजवळ जायला घाबरत होते, कारण मला दिसत होतं आणि बोलायचं नव्हतं. आपांनी फोटो काढले, चटईवर बसल्या, कात्री घेतली. सगळ्या जोड्या लागल्या आणि एक तुकडा हातात उरला. दुसरा फोटो घेतला, तिसरा घेतला. तिथेही तेच.

डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. हा तपास कुणी मागितलेलाच नाही, शंभरात काही पेशी वेड्यावाकड्या असायच्याच, कोण बघतंय, असं त्यांचं म्हणणं. आपा म्हणाल्या, "मी पाह्यलं ना, डॉक्टर." आणि फोन ठेवला. पहिल्या पिढीच्या काही पेशी गोठवून ठेवल्या होत्या. त्यातल्या थोड्या काढून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, दर पिढीला तपासत, हट्टाने. दोन पिढ्या नीट गेल्या, तिसरीत तिथेही तोच तुकडा निघाला. मग त्यांनी सगळ्या तबकड्या स्वतःच्या हाताने ब्लीचमध्ये बुडवल्या. माझे डोळे वाहत होते. त्यांचे नाही.

फोनवर सांगणं त्यांना पटेना. मला बरोबर घेऊन त्या अकोल्याला गेल्या. ही भावंडं प्रेमाचं उर्दूत बोलत आणि भांडण वऱ्हाडीत. त्या दिवशी आपा आत शिरल्या त्याच वऱ्हाडीत. सलीम खाटेवर उशीला टेकून बसला होता. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "गोठवलेल्या उरल्या असतीन, त्याच मणक्यात टाकून दे. काय व्हाचं ते होईल. माह्या जबाबदारीवर टाक."

"कॅन्सरची गाठ झाली तं?"

"होऊ दे. असा पडून राह्यल्यापेक्षा बरं."

"तुले बरं असंल. मले नाई," आपा म्हणाल्या. "मले तू चालता नसला तं चालते, सलीम. जिता पायजे."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. अम्मी पदर तोंडाला लावून रडत होत्या. मला तेव्हा आपांचा संताप आला, खोटं कशाला सांगू. कदाचित काहीच झालं नसतं. कदाचित तो चाललाही असता. परतीच्या गाडीत मी हे बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, हो, कदाचित. आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळी प्रयोगशाळेत हजर. पेशी कशाने बिघडतात, याच्यामागे त्या पुढे हात धुऊन लागल्या. खाद्य बदललं, वाढ मुद्दाम मंद केली, तपासल्याशिवाय एक थेंब बाहेर जाऊ दिला नाही. सलीमने मात्र त्यांच्याशी बोलणं टाकलं. तो चाकांच्या खुर्चीवर बसून पुन्हा दुकान चालवू लागला, आणि आपा दर ईदला त्या दुकानात जाऊन बसत. भाभीने दिलेला चहा पीत, त्याच्या हातातला पंप बघत, आणि उठून येत. वर्षानुवर्षं हेच. मी म्हणायचे, कशाला जाता? त्या म्हणायच्या, "दिसते ना तो."

आपा निवृत्तीच्या आधीच गेल्या, झोपेत. अकोल्यालाच नेलं. आम्ही मुली, आता पोक्त बाया, दारात उभ्या होतो. जनाजा उचलला गेला आणि खांदेकरी चार पावलं चालले असतील, तोच सलीमने खुर्ची मध्ये घातली. सगळे थांबले. त्याचे केस पांढरे झाले होते, दंड मात्र पैलवानासारखे. त्याला खांदा देता येणार नव्हता. तो वर बघून म्हणाला, "खाली घ्या. मायी बहीण हाय."

माणसांनी जनाजा खांद्यावरून उतरवून हातांवर घेतला. सलीमने एका हाताने त्याचा दांडा धरला, दुसऱ्या हाताने चाक फिरवायला लागला. कब्रस्तानापर्यंत जनाजा त्याच उंचीवरून गेला.