बाबांचं तांबं आणि मातीची दोन भांडी

आमच्या घरात आई-बाबांचं कुठलंही भांडण शेवटी बांसवाड्याच्या डोंगरावर जाऊन थांबायचं. सुरुवात नळाला पाणी नाही इथून होवो की पाहुण्यांना स्टेशनवर घ्यायला कोण जाणार इथून, आईचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं, "तुमचं काय, तुमचं तांबं आहे ना तिकडे!" मग बाबा पेपर डोळ्यांसमोर धरायचे आणि विषय संपायचा.

मागे माही धरणाबद्दल लिहिलं तेव्हा एका वाचकाने विचारलं होतं की त्या बाजूला मी पहिल्यांदा कधी गेले. तर ती ही खेप. नव्वदच्या दशकातली, डिसेंबरातली, उज्जैनहून एसटीने म्हणजे आमच्याकडच्या रोडवेजने केलेली.

आधी बाबांविषयी. बाबा सरकारी नोकरीत भूभौतिकी सर्वेक्षणाचं काम करायचे. जमिनीखाली काय दडलंय ते न खणता, वरूनच विजेची आणि चुंबकाची मोजमापं घेऊन ताडायचं, हे त्यांचं काम. माझ्या लहानपणी, म्हणजे या खेपेच्या वीसेक वर्षं आधी, त्यांनी बांसवाड्याजवळच्या एका डोंगराच्या पायथ्याशी तांब्याची लांबच लांब खूण पकडली होती. सोबत सोनंही असेल असा त्यांचा कयास होता. नकाशा वर गेला, पण खोल भोकं पाडून तपासायला मंजुरी काही आली नाही. बाबा रिटायर झाले तरी ते तांबं त्यांच्या मनातून रिटायर झालं नाही.

मग नव्वदीत खाजगी कंपन्यांना खनिजं शोधायची मुभा मिळाली, आणि त्यातल्या एकीला बाबांचा जुना नकाशा सापडला. पत्र आलं की आठ दिवस जाऊन मोजणी पुन्हा करून द्या, खूण तशीच निघाली तर आम्ही भोकं पाडू. बाबांनी पत्र तीनदा वाचलं आणि आईसमोर टेबलावर ठेवलं. आई म्हणाली, "जा बाई एकदाचे, आणि सोक्षमोक्ष लावून या." बाबांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, मीटरचे आकडे त्यांना दिसेनात. मी फ्रीगंजच्या एका शाळेत फिजिक्स शिकवत होते, हिवाळ्याची सुट्टी तोंडावर होती. आकडे वाचायला माझी नेमणूक झाली, बिनपगारी.

मोजणीची रीत मोठी साधी आहे. धातूची काही खनिजं जमिनीत ओल्या मातीत पडली की तिथे आपोआप बारीकशी वीज तयार होते. दोन बिनझिलईची मातीची भांडी घ्यायची, त्यात मोरचुदाचं घट्ट निळं पाणी आणि तांब्याची कांडी. एक भांडं एका जागी रोवून ठेवायचं, दुसरं लांब वायरीने खुंटीखुंटीवर नेऊन ओल्या खड्ड्यात टेकवायचं आणि मधला फरक मीटरवर वाचायचा. आकडा शून्याच्या खूप खाली गेला की खाली काहीतरी आहे. सोनं स्वतः मीटरला दिसत नाही, दिसतात त्याच्या संगतीत राहणारी खनिजं. "सोनाराला शोधायचं तर चहाच्या टपरीवर विचार," असं बाबा समजावायचे.

कंपनीने पेटीतून पाठवलेली परदेशी भांडी उज्जैनला पोचेपर्यंत फुटली होती. मी हिरमुसले, पण बाबा खूश. "चल, भैरवगढला." तिथल्या कुंभाराकडून त्यांनी बोटभर जाड भिंतीची लहान भांडी निवडली, पाणी भरून ओट्यावर मांडली, आणि ज्या दोन भांड्यांना सगळीकडून सारखा घाम फुटला तेवढीच घेतली. मोरचूद पलीकडच्या छापखान्यात मिळाला. ठसे मारून कापड रंगवणारे चाचा निळे खडे तोलताना म्हणाले, "कितने थान रंगोगे, साब?"

"एक पहाड़," बाबा म्हणाले. चाचांनी एक मूठ वर घातली.

निघायच्या दिवशी सकाळी टावर चौकात पोहे-जिलबी, मग देवास गेटहून रतलामची बस. तेव्हा रतलामला तीन तास लागायचे आणि तिकीट पोह्यांच्या चार प्लेटींत बसायचं. रतलामला बस बदलायची. मधल्या अर्ध्या तासात शेव घेतलीच पाहिजे, लवंगेची घ्या, पण डोंगरात पाणी कमी मिळतं हे लक्षात ठेवून घ्या. सैलानानंतर काळी माती मागे पडते, रस्ता वळणं घेऊ लागतो, आणि खिडकीत साग आणि टेकड्या येतात. बाबांनी भांड्यांची पिशवी पूर्ण वेळ मांडीवर धरली होती. कंडक्टरने विचारलं, "बाबूजी, घी है क्या?" बाबा गंभीरपणे "हाँ" म्हणाले. बांसवाड्याला पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. धर्मशाळेत खोली, गरम पाण्याची बादली वेगळी मागावी लागे.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या जीपने आम्हाला गावात सोडलं. गावाचं नाव मी देत नाही, का ते पुढे कळेल. गाव म्हणजे टेकडीटेकडीवर एकेक घर, प्रत्येकाचं शेत त्याच्या दाराशी. तिथे हकरू बा भेटले. पहिल्या मोजणीच्या वेळी ते बाबांची वायर ओढायला होते, तेव्हा ऐन तरणे असणार. त्यांनी बाबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "साब, बाल सब वहीं दफ्तर में छोड़ आए क्या?" बाबा इतके मनापासून हसलेले मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

जेवण हकरू बांच्या घरी. मक्याचं पीठ पानांत दाबून शेणीच्या निखाऱ्यांवर भाजलेले पानिये, वर उडदाची डाळ. पान सोलताना बोटं भाजतात, घाई करू नका. हॉटेलात मिळालं तर तो पदार्थ वेगळा समजा.

पहिले तीन दिवस मजेत गेले. डोंगराच्या पायथ्याने पंधरा खुंट्यांची ओळ, दर पंचवीस मीटरवर एक. मी टोकाकडून मोजत आले. एक ते सहा नंबर, आकडे उतरत उतरत उणे तीनशे मिलिव्होल्टपर्यंत पोचले. मग पलीकडच्या टोकाकडून, पंधरा ते दहा, तिकडेही तसंच. बाबा जुन्या नकाशाशी ताडून पाहायचे आणि प्रत्येक आकड्याला "सही!" म्हणायचे. बायका पाणी भरायला जाताना थांबून विचारायच्या, "सोना निकला?" बाबांच्या चालीत एरवीचं लंगडणंसुद्धा राहिलं नव्हतं. मला वाटलं, आईला आता भांडणासाठी नवीन वाक्य शोधावं लागणार.

राहिल्या मधल्या तीन खुंट्या, सात, आठ, नऊ. तिथे महुआच्या झाडाखाली गावाचं देवस्थान होतं. भिंती नाहीत, छप्पर नाही, मातीच्या घोड्यांची रांग फक्त. काही ताजे, लाल, काही पावसाने विरघळून पुन्हा माती होत चाललेले. आम्ही तिकडे वळलो तसे हकरू बा आडवे आले.

"साब, वो बीच वाला इस बार भी रहेगा. लोहा नी ठोकने का वहाँ."

मागच्या वेळी बाबांच्या टोळीकडे लोखंडी सळया होत्या, जमिनीत ठोकायच्या. गावाने नको म्हटलं आणि तो तुकडा राहिला. हे मला तिथे उभ्या उभ्या पहिल्यांदा कळत होतं. मी पिशवीतलं भांडं काढून त्यांच्या हातात दिलं. "बा, लोहा नहीं है. मिट्टी का है. बस ज़मीन पे रखना है, उतना ही गड्ढा जितना कटोरी का."

हकरू बांनी भांडं नखाने वाजवलं, वास घेतला, एका घोड्याशेजारी धरून पाहिलं. "मिट्टी तो ठीक है," ते म्हणाले. "जूते उतार के जाना."

मी लगेच चपला काढल्या. मागे वळून पाहिलं तर बाबा जागचे हलले नव्हते.

"राहू दे गं," ते म्हणाले. "पहिले बाकीचं सामान आवरून घेऊ. तीन खुंट्यांनी काय फरक पडून राहिला आहे?"

हे वाक्य त्या माणसाचं, ज्याने माझ्या कॉलेजच्या जर्नलमधला एक आकडा चुकला म्हणून पूरा प्रयोग परत करायला लावला होता. मी नकाशा मागितला. त्यांनी नळकांडं जरा उशिरानेच दिलं. नकाशावर जमीन मोजून काढलेली रेघ सलग असते, आणि जिथे मोजणी नाही, नुसता अंदाज आहे, तिथे तुटक. एवढं मला बाबांनीच सातवीत शिकवलं होतं. त्यांच्या तांब्याभोवतीची रेघ पहिल्या खुंटीपासून पंधरावीपर्यंत सलग होती. काळीभोर, एका हाताने ओढलेली.

"बाबा, इथे तर मोजलंच नव्हतं तुम्ही."

बाबा महुआखालच्या दगडावर बसले. टोपी काढून हातात फिरवत राहिले. "नव्हतं," ते म्हणाले. "वरून कुणी सांगितलंही नव्हतं. मला खात्री होती गं. दोन्ही बाजूंनी इतकं सुरेख उतरत होतं, मधे दुसरं काय असणार? तुटक काढली असती तर साहेबांनी पाहिलं पण नसतं."

"त्यांनी तसंही नाही पाहिलं."

बोलून गेले आणि जीभ चावली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. वीस वर्षं आम्ही या तांब्याबद्दल ऐकत होतो, वरच्यांनी कसा अन्याय केला ते ऐकत होतो. आणि मधे हे. पण समोर बसलेला माणूस इतका लहान दिसत होता की रागाला धरायला जागाच राहिली नाही.

"नाही मोजलं तरी चालेल," मी म्हटलं. "मी कुणाला सांगणार नाही."

हे मी मनापासून म्हटलं होतं, हेही लिहून ठेवते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. "तुझ्या आईने सोक्षमोक्ष म्हटलं होतं," ते म्हणाले. "चल, भांडी चेक कर."

दोन्ही भांडी एकाच ओल्या खड्ड्यात शेजारी ठेवून पाहायची, फरक जवळपास शून्य आला पाहिजे. आला. मग हकरू बांनी स्वतः घोड्यांच्या मधून वाट दाखवली, बाबा अनवाणी, भांडं दोन्ही हातांत धरून.

सात नंबर. मी वाचलं, "उणे बावन्न."

"वायर पाहा."

वायर ठीक होती. पुन्हा उणे बावन्न. आठ नंबर, उणे अठरा. नऊ नंबर, उणे एकतीस. बाबांनी भांडी पुन्हा तपासायला लावली, पाणी पुन्हा शिंपडलं, तिन्ही जागा पुन्हा मोजल्या. मग तिसऱ्यांदा. आकडे एक-दोनने इकडेतिकडे झाले, बस. जिथे तांब्याचं पोट असायला हवं होतं तिथे नुसता डोंगर होता. एक मोठी खाण नव्हती, दोन बाजूंना दोन लहान खिसे होते, कुठलीही कंपनी ज्यासाठी इतक्या लांब यंत्र आणणार नाही असे.

बाबांनी वहीवर सही केली. "मेरा वाला नहीं निकला, हकरू," ते म्हणाले.

हकरू बा म्हणाले, "तो मेरा रह गया, साब."

दोघंही हसले नाहीत. पण हकरू बांनी जाऊन चहा मांडला, आणि तो फार चांगला झाला होता.

निघायच्या आधी बाबांनी रोवून ठेवायचं भांडं नदीवर नेऊन सातदा धुतलं, एक दिवस उन्हात ठेवलं आणि हकरू बांना विचारून घोड्यांच्या रांगेत शेवटी ठेवलं. म्हणून गावाचं नाव देत नाही. तुम्ही त्या बाजूला गेलात तर धरण पाहा, टेकड्या पाहा, पानिये खा. रस्ता आता उत्तम आहे, उज्जैनहून सकाळी निघालात तर जेवायला बांसवाड्यात. कुठे मातीचे घोडे दिसले तर लांबून पाहा आणि फोटो राहू द्या.

परत येताना रतलामला बाबांनी स्वतः शेव घेतली, आईसाठी. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी खिडकीशी बसून, भिंग लावून, दाढीच्या ब्लेडच्या अर्ध्या तुकड्याने त्यांनी नकाशाच्या ट्रेसिंगवरची शाई खरवडली. सलग रेघ गेली, तिच्या जागी दोन लहान वळसे आले, मधे कोरं. कोपऱ्यात त्यांनी माझं नाव घातलं, वाचन घेणारी म्हणून. अहवालात एक ओळ वेगळी लिहिली होती की पूर्वीच्या नकाशातला मधला भाग न मोजता काढला होता, चूक माझी. कंपनीचं आभाराचं पत्र आलं आणि पुढे काही आलं नाही.

मी अजून शिकवते. आलेखात दोन बिंदूंच्या मधे मुलींनी बिनधास्त रेघ ओढली की मी विचारते, "इथे मोजलंस?" बाबांनंतर कुणावर मी इतकी चिडत नाही, आणि कुणाला इतकी लवकर माफही करत नाही.

आईने मात्र ते वाक्य टाकून दिलं. नळ कोरडा असो, पाहुणे येवोत, तांब्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मला वाटतं बाबांना ते सगळ्यात जास्त लागलं, कारण एकदा भांडण ऐन रंगात आलं असताना तेच त्या वाक्याची वाट पाहत थांबलेले मी पाहिले.

दुसरं भांडं आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत होतं. कितीही धुवा, मातीत मुरलेला मोरचूद पावसाळा संपला की भिंतीतून बाहेर यायचा आणि भांड्याला बारीक निळी फुलं धरायची. अशाच एका दसऱ्याला पाहुण्यांनी विचारलं, हे काय? बाबा काही बोलायच्या आत आईने ते भांडं उचलून त्यांच्यासमोर ठेवलं.

"ह्यांचं तांबं," ती म्हणाली. "हे मोजलेलं आहे."

बाबांनी पेपर डोळ्यांसमोर धरला.