खबरीचं पान

देवळीत गोपाल पेंटरला कोणी आवडता सिनेमा विचारला की समजायचं, आता अर्धा तास गेला. तो ज्याचं नाव घ्यायचा तो सिनेमा विचारणाऱ्याने पाहिलेलाच नसायचा. 'बिजली घाटी'. ऐंशीच्या दशकातला, डाकूंचा. त्यात हिरोची मिशी गाण्यागणिक जागा बदलायची आणि हिरॉईन दरीत एकदा नाचून झाली की गोष्टीतून कायमची बेपत्ता. वर्ध्याच्या टॉकीजमध्ये तो आठवडाभरही टिकला नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची तेवढीही लायकी नव्हती.

पण गोपालचा जीव सिनेमात नव्हताच. त्या सिनेमावरून काढलेल्या खेळात होता. त्याचा मामा त्या टॉकीजमध्ये डोअरकीपर होता. सिनेमा आपटला तेव्हा जाहिरातीसाठी आलेला एक खोका बुकिंगच्या खिडकीमागे तसाच पडून राहिला, तो मामाने भाच्याला आणून दिला. असा खेळ देवळीत कोणी पाहिला नव्हता. पुढे कुठेच कोणी पाहिला नाही, इतका तो आला तसा गेला.

चौघांनी खेळायचा. चौघंही एकाच टोळीचे डाकू. स्टेशनावर गाडी लुटायची आणि सोनं घेऊन पोलीस चौकी चुकवत, पूल ओलांडत घाटीपर्यंत पोचायचं. सोन्याच्या चकत्या पहिल्याच महिन्यात उंदरांनी नेल्या, तेव्हापासून चिंचोके हेच सोनं. गंमत होती ती चार पानांत. सुरुवातीला प्रत्येकाने एक पान उचलायचं, दुसऱ्याला दाखवायचं नाही. तिघांच्या पानावर डाकू आणि एकाच्या पानावर खबरी. खबरीने टोळीत राहून टोळी पकडून द्यायची, आणि बाकीच्यांनी त्याला हुडकायचं. पानांच्या पाठीवर चमचमणारी चंदेरी वीज होती. तसा कागद वर्ध्यातही मिळत नसे. म्हणून एक पान हरवलं तर दुसरं करून चालण्यासारखं नव्हतं, पाठीवरूनच ओळखू आलं असतं.

खेळणारे चौघं म्हणजे गोपाल, किराणावाल्या प्रभाकररावांचा योगेंद्र, त्याची बहीण अंजू, आणि प्रेमदासचा राकेश. राकेशचं घर बुद्धविहाराजवळ. बाकी तिघं बाजारातले. शाळेत गोपालचा आणि त्याचा बाक एकच, म्हणून राकेश आला, आणि चौथा गडी लागतोच म्हणून कोणी काही बोललं नाही. निदान समोर तरी.

या पोरांनी खेळात स्वतःचा एक नियम घातला होता. खोटं बोलायला मुभा, खेळच तसा. पण प्रत्येकाला एका डावात एकदाच दुसऱ्याला आण घालता यायची. ज्याला घातली त्याने गळ्याची कातडी चिमटीत धरून बोलायचं, आणि चिमटीत गळा असेस्तोवर खरंच बोलायचं. खोटी आण घेतली तर आई मरते, हे देवळीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चार उन्हाळे प्रभाकररावांच्या दुकानामागच्या पोत्यांवर हा खेळ चालला. गोपालला पुढच्या आयुष्यात बायको मिळाली, पोरं झाली, घर झालं, पण त्या पोत्यांवरचा आनंद काही परत मिळाला नाही. तो हे बायकोसमोरही बोलून दाखवायचा, म्हणजे माणूस किती भोळा ते बघा.

नववीच्या उन्हाळ्यात खबरीचं पान गेलं.

अंजू मामाकडे आंजीला गेली होती, म्हणून तिघंच कसेबसे खेळत होते. योगेंद्र दोन दिवसांनी नागपूरला जाणार होता, पुढचं शिक्षण तिकडेच. संध्याकाळी खोका आवरताना गोपालने पानं मोजली तर तीनच. पोती हलवली, झाडू फिरवला, काही नाही. गोपालने योगेंद्रला आण घातली. योगेंद्रने गळा चिमटीत धरला आणि त्याच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाला, "गळ्याची आन. मी नाई घेतलं."

झालं. मग उरला कोण? राकेश तोवर घरी गेला होता. गोपालच्या आईने, धुरपताबाईने, चुलीपुढे बसल्या बसल्या निकाल दिला, "त्याईच्या पोराले घरात घेशीन तं असंच होइन." गोपालला आईचं बोलणं आवडलं नाही. पण योगेंद्रची आण होती ना! त्याने राकेशला कधी चोर म्हटलं नाही. म्हणायची गरजच पडली नाही. शाळा उघडली तेव्हा तो दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. राकेशने एकदा मान वळवून पाहिलं, मग तोही पाहीनासा झाला. त्याच गावात दोघं म्हातारे व्हायला आले. गोपालने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, राकेश ग्रामसेवक झाला, रोहण्याला जाऊन येऊन नोकरी केली. बसस्टँडवर समोरासमोर आले तर दोघंही बसची पाटी वाचायचे. त्यातल्या निम्म्या पाट्या गोपालनेच रंगवलेल्या.

पुढे फ्लेक्स आले आणि पेंटरकीला उतरती कळा लागली. हात रिकामे झाले की माणूस मागे वळतो. खेळाचा पुठ्ठ्याचा पट केव्हाच वाळवीने खाल्ला होता, पण उरलेली तीन पानं गोपालने बिस्किटाच्या डब्यात जपली होती. त्याने मोबाइलवर त्या खेळाची खूप शोधाशोध केली. कुठे फोटो नाही, कुठे उल्लेख नाही. एका जुन्या खेळांच्या शौकिनाने तर त्याला उत्तर लिहिलं की असा खेळ निघालाच नव्हता, तुमचा गोंधळ होत असेल. गोपालच्या डोक्यात तिडीक गेली. त्याने प्लायवूडचा तुकडा घेतला आणि आठवणीतून अख्खी घाटी रंगवायला बसला. स्टेशन, चौकी, पूल, निवडुंग, सगळं. बायको म्हणाली, "गिऱ्हाइकाच्या पाटीले इतका जीव लावला असता तं माडी झाली असती."

शाळेच्या जुन्या बॅचचा मेळावा ठरला तेव्हा त्याने त्या पटाचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'सगळं आहे, फक्त खबरीचं पान नाही.' पुण्याहून योगेंद्रने लगेच उत्तर टाकलं, 'गोप्या, येतोच. तुझ्यासाठी सरप्राइज.' राकेश ग्रुपवर होता, पण त्याने कधी एक अक्षर टाकलं नव्हतं. मेळाव्यालाही तो आला नाही.

मंगल कार्यालयात फेटे बांधून झाले, गुरुजनांचे सत्कार झाले, भाषणं एकदाची संपली. जेवणाआधी योगेंद्रने माइक घेतला. अंग सुटलेलं, केस काळेभोर केलेले, पण हसू तेच. त्याने गोपालला पुढे बोलावलं, खिशातून प्लास्टिकमध्ये बंद केलेलं एक पान काढलं आणि सगळ्यांना दाखवत म्हणाला, "मित्रहो, हे माझ्या बालपणाचं एकमेव स्मारक. इतकी वर्षं माझ्या पाकिटात आहे. आज हे गोप्याच्या पटावर परत जाणार!"

चंदेरी वीज तशीच होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी शिट्टीही मारली.

गोपालच्या हातात पान आलं, आणि टाळ्या त्याला ऐकू येईनाशा झाल्या. तो हळूच म्हणाला, "तू घेतलं होतं?"

"अरे मंग? मी नागपूरले चाललो होतो. मी नसताना तुम्ही खेळले असते ना बे!" योगेंद्रने त्याच्या खांद्यावर हात टाकला. "तुमचा खेळ बंद पाडून गेलतो मी."

"आन घेतलती तू. गळ्याची."

"चौदा वर्षांचे होतो आपण! ते कोण धरते?"

"मी धरली," गोपाल म्हणाला.

योगेंद्र हसला आणि त्याने फोटोवाल्याला जवळ बोलावलं. फोटोत दोघं मित्र गळ्यात गळा घालून उभे आहेत, आजही ग्रुपवर आहे. त्यावर हृदयं आणि डोळे पुसणारी तोंडं ओसंडून वाहताहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन झाली होती, आणि चोराच्या गळ्यात हार पडला होता. गोपालला रडू आलं नाही, संताप आला. ज्या चार उन्हाळ्यांच्या जोरावर तो पुढचे सगळे उन्हाळे जगला, त्यात पहिल्यापासून किती आणा खोट्या होत्या कोण जाणे! केसाने गळा कापला होता त्याचा, आणि कापणाऱ्याला ते आठवणीत ठेवण्याइतकंही मोठं वाटलं नव्हतं.

तो जेवला नाही. मेळाव्यात दाखवायला आणलेला पट बगलेत मारला आणि सरळ विहाराकडे निघाला. रस्ताभर मनात एकच होतं. राकेशला सांगायचं. आपल्या दोघांनाही फसवलं त्याने. दोघं मिळून योगेंद्रला चांगल्या शिव्या घालू, मग काहीतरी जुळेल.

दार राकेशच्या मुलीने, काजलने उघडलं. "बाबा, पेंटरकाका आले," ती आत बघून म्हणाली. राकेश बाहेर आला. त्याने खुर्ची पुढे केली, पाणी आणायला सांगितलं. आलेल्या कोणालाही जसं करतात तसं.

गोपालने खुर्चीत बसता बसता सगळं भडाभडा सांगितलं. पान समोर ठेवलं. "योग्यानं घेतलं होतं, राकेश. त्यानंच. खोटी आन घेतली त्यानं. दोघांलेही फसवलं."

राकेशने पान उचललं नाही. "मले माहीत होतं," तो म्हणाला. "मी पाहिलं होतं त्याले खिशात टाकताना."

"मंग बोलला काऊन नाई?"

"कोणाले बोलू? माह्या घरी येऊन विचारायचं होतं ना तू. तुह्या आईनं काय म्हटलं ते सकाळी आख्ख्या बाजारात झालतं. माह्या मायनं मले म्हटलं, जाऊ नको तिकडं. मी म्हटलं, गोपाल येते. तो मले आन घालते, मंग मी सांगतो." राकेशचा आवाज चढला नव्हता, हेच गोपालला सोसवेना. "त्यानं तुले फसवलं असन, गोपाल. मले त्यानं नाई फसवलं. त्याची मी वाटच पाहिली नव्हती."

काजल पाणी घेऊन आली. गोपालने पेला घेतला आणि पानाशेजारी तसाच ठेवला. खाली बघत तो म्हणाला, "राकेश, तू तेव्हा..."

"आता नको विचारू," राकेश म्हणाला.