तापलेल्या इंजिनाची खोड

आनंदराज कांबळ्यांना 'बसा' म्हणणं म्हणजे त्यांना शिक्षा करणं. चहासुद्धा ते उभ्याउभ्या घेतात, अर्धा पितात आणि कप खिडकीत विसरून जातात. उभी हयात लातूर डेपोत एसटी चालवण्यात गेली. निवृत्त झाले, तरी पाय काही ठरत नाहीत. सकाळी उठल्या उठल्या गाडी सुरू करायची, इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि मगच हलवायची, ही खोडही तशीच राहिली. फक्त आता दारात एसटीऐवजी पुण्याहून आणलेली जुनी परदेशी कार असते.

याच कारनं नांदेडहून लुंबिनीला, एकुलत्या एका लेकीला, पहिल्या बाळंतपणासाठी घरी आणायचं ठरलं होतं. त्यांच्या बायकोनं, पारूबाईंनी, आतली खोली सारवल्यासारखी लख्ख केली होती, डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. नेमका तेव्हाच कारमध्ये पिवळा दिवा लागला. सकाळी सुरू केली की पुढून घर्र आवाज यायचा आणि मिनिटभरात बंद व्हायचा.

"बिघाडाची गाडी मी कधी डेपोबाहेर काढली न्हाई. त्यात पोटुशी लेक बसवू का?" असं म्हणत त्यांनी जाणं पुढे ढकललं.

औसा रोडवरच्या गॅरेजवाल्या चंद्रप्पानं मशीन लावून पाहिलं. दोष हवेच्या पंपात निघाला. इंजिन गार असताना सुरू झालं की हा पंप थोडा वेळ धुरात ताजी हवा ढकलतो, म्हणजे धूर जरा स्वच्छ निघतो. चंद्रप्पा हे समजावून सांगत होता, पण आनंदराज निम्म्यातच उठून बाहेर फेऱ्या मारायला लागले. ऐकून घेईल तो आनंदराज कसला! चंद्रप्पानं पंपाला थेट बॅटरीच्या वायरी लावल्या, तर तो सुरळीत फिरला. फ्यूज ठीक, वायरिंग ठीक. त्यानं दिवा विझवून दिला. दुसऱ्या सकाळी दिवा पुन्हा हजर.

असं पुन्हा पुन्हा झालं, तेव्हा चंद्रप्पा वैतागला. "काका, तुमी रोज इंजिन तापवूनच आणायलाव. गार असल्याबिगर खोट कशी सापडंल? आज गाडी हितंच ठेवा."

गाडी ठेवून आनंदराज घरी गेले खरे, पण जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळी गॅरेज उघडायच्या आत ते दुसरी किल्ली घेऊन तिथे पोचले. गाडी बाहेरच उभी होती. चंद्रप्पा येईपर्यंत तेवढंच काम पुढे सरकेल, असं म्हणून त्यांनी इंजिन सुरू केलं आणि छान तापवून ठेवलं.

चंद्रप्पानं कपाळावर हात मारला. "गेला की ओ आजचा दिस!"

आपणच माती केली हे आनंदराजांना कळत होतं, म्हणून तर ते चंद्रप्पावर जास्तच ओरडले. पण जाताना दोन्ही किल्ल्या त्याच्या हातात देऊन गेले.

दुसऱ्या सकाळी चंद्रप्पानं गार इंजिन सुरू केलं. पंप घरघरला आणि जागीच अडकला. खोलला तर आत पाणी आणि गंज. पंप आणि धुराच्या नळीमधला व्हॉल्व्ह गळत होता, धुरातली वाफ पंपात शिरत होती. गार असला की पंप धरायचा आणि तापला की सुटायचा.

"नवा मागवतो," चंद्रप्पा म्हणाला. "तवर बेशक चालवा."

"चालवू? अशीच?"

"मग? गाडीला काय बी धोका न्हाई. सकाळी धूर जरा घाण निघंल, येवढंच. पहिल्या दिवशी तेच सांगायलो होतो."

आनंदराजांनी त्याच्या हातातून किल्ल्या घेतल्या. गाडी घेऊन ते घराकडे सुसाट निघाले, आजच नांदेड गाठायचं म्हणून. दारात पारूबाई फोन हातात धरून उभ्या होत्या. जावयाचा फोन होता. लुंबिनीचं बीपी वाढलं होतं, डॉक्टरांनी तिला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. आता बाळ होईपर्यंत तिला नांदेडहून हलवायचं नव्हतं.

"माझ्यामुळं ऱ्हायली गं ती तिकडं," आनंदराज म्हणाले. गाडी आधीच नेता आली असती, हेही त्यांनी सांगून टाकलं.

पारूबाई रागावल्या नाहीत. लाडवांचा डबा पिशवीत घालता घालता म्हणाल्या, "रोज फोनवर इचारायची वो, बाबा निघाले का म्हून."

ते ऐकून आनंदराज दारातच हमसून हमसून रडले.