मामांबरोबर युद्धपट पाहणे

माझ्या बायकोच्या मामांएवढा युद्धपटांचा वैरी अख्ख्या बंगळुरात सापडणार नाही, आणि त्यांच्याएवढे युद्धपट पाहिलेला माणूसही सापडणार नाही. जुन्या लढाईचा सिनेमा लागला, की पहिल्या दिवशीचा पहिला खेळ मामांनी चुकवला असं झालेलं नाही. बाकीचे लोक करमणुकीसाठी जातात, मामा पंचनाम्याला जातात. त्यांचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलं आणि इकडचंच झालं. चिकपेटेत कापडाचं दुकान, तोंडात मराठीइतकंच कन्नड. पण पडद्यावर घोडे दौडू लागले, की आपल्याच घरात चोर शिरल्यासारखे मामा खुर्चीत ताठ होतात.

त्यांची हरकत सिनेमाच्या पहिल्याच पाटीपासून सुरू होते. 'ही कथा काल्पनिक असून इतिहासाशी साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा' असं पडद्यावर आलं, की मामा मोठ्यानं म्हणतात, "भिऊ नका, आढळणार नाही." मग पुढचे तीन तास आमची सुटका नसते. घोडा दिसला, की तो रेसचा आहे, आपले दख्खनी घोडे स्वल्प बुटके असायचे. मावळ्याच्या दंडावर देवीच्या लशीची खूण त्यांना शेवटच्या रांगेतून दिसते, आणि दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर मात्र चष्मा लावूनही दिसत नाही. नायक उघड्या छातीनं लढू लागला, की "चिलखत धुवायला टाकलंय काय?" असा प्रश्न येतो. तलवारीचा वार संथगतीत दाखवला, की "इतक्या वेळात समोरचा जेवून येईल की!" असा शेरा. आणि त्यांचा सगळ्यात आवडता मुद्दा म्हणजे चंदी. एवढी हजारो जनावरं, पण एकाही सिनेमात त्यांना कुणी हरभरे घालताना दिसत नाही, याचं मामांना मनापासून दुःख आहे. मामांच्या हातात सिनेमा दिला, तर मध्यंतरापर्यंत घोडे चरतील आणि मध्यंतरानंतर पाणी पितील.

मी मूळचा पुण्याचा, महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसून पोट भरणारा. लग्न नवीन असताना हौसेनं मामांना आमच्या जवळच्या मॉलमध्ये सिनेमाला नेलं. छावणीतल्या प्रसंगात नायिकेनं नायकाच्या पानात बटाट्याची भाजी वाढली आणि मामा उभे राहिले. "बटाटा? त्या काळात कुठला आला बटाटा?" मागून कुणीतरी "कूत्कोळ्ळी सार" म्हणून बसायची विनंती केली. मामा वळून त्याला कन्नडमध्ये बटाट्याचा इतिहास सांगू लागले. माझी बायको तेवढ्यात दोन रांगा पुढे जाऊन बसली होती आणि आम्ही तिचे कुणी नाही असं दाखवत होती. शेवटी दारावरचा पहारेकरी आला. मामांनी त्यालाच विचारलं, "तुम्हीच सांगा, बटाटा न खाता लढाई जिंकता येत नाही काय?" त्यानं मुकाट्यानं टॉर्च विझवला.

असल्या माणसाच्या दुकानात एके दिवशी सिनेमावालेच चालत आले. आनेकलजवळच्या माळावर प्लायवूडचा किल्ला उभा राहत होता आणि सगळ्या फौजेला पागोटी हवी होती. वेशभूषा सांभाळणारी मुंबईची एक मुलगी आली. मामांनी कापडाची ठाणं उघडायच्या आधी विचारलं, "लढाई कुठल्या महिन्यातली?" ती म्हणाली, "अंकल, अ‍ॅक्च्युअली पावसातली. व्हिज्युअली ग्रँड वाटतं." मामा म्हणाले, "पावसात फौजा घरी असतात, शेतं पेरतात. दसऱ्यानंतरची लढाई आणा, मग कापड देतो." गिऱ्हाइकाला असं हाकलणारा व्यापारी चिकपेटेत दुसरा नसेल. पण ती मुलगी वस्ताद निघाली. तिथेच बैठक मारून तिनं दोन तास मामांचं ऐकून घेतलं, आणि जाताना विचारलं, "तुमच्याकडे त्या काळातलं काही आहे का? आम्हाला हीरोची तलवार एकदम ऑथेंटिक हवीय." मामा काही बोलायच्या आत त्यांचा नोकर म्हणाला, "आहे की! खंडेनवमीला घरी या."

आता त्या तलवारीबद्दल सांगायला हवं. मामांच्या घरी खंडेनवमीला मूळ पुरुषाची तलवार पाटावर पूजतात. मामांचे आईवडील लवकर गेले. मोठ्या बहिणीनं, अक्कानं, लग्न न करता तिन्ही भावंडांना वाढवलं, आणि वाढवलं ते या तलवारीच्या जोरावर. ताप आला, शाळेत मार बसला, घरात एकवेळचंच शिजलं, की अक्का भिंतीवर टांगलेल्या तलवारीकडे बोट दाखवायची: "ती घेऊन लढणाऱ्याची लेकरं तुम्ही. रडायचं नाही." आणि आदल्या वर्षी चिंचेनं ती तलवार घासताना मामांनी हलक्या आवाजात मला सांगितलं होतं, "जावईबापू, ही नाटकातली आहे. पातं पत्र्याचं, मुठीला रुपेरी रंग. आमच्या आजोबांना नाटकांचं वेड होतं, कुठल्यातरी कंपनीकडून आणली असणार. मला चाळीस वर्षं माहीत आहे. अक्काला माहीत नाही."

खंडेनवमीला ती मुलगी आली. झेंडूची फुलं बाजूला सारून तिनं फोटो काढले. ऐंशी ओलांडलेल्या अक्का खुर्चीत बसून कौतुकानं बघत होत्या. मुलगी म्हणाली, "अंकल, तुम्ही हो म्हणालात की आम्ही सेम टू सेम बनवू. खरी आहे ना?" सगळा जन्म सिनेमावाल्यांना खोटारडे म्हणणारे मामा तलवारीकडे बघत राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. खोटं बोलणं त्यांना जमत नाही, आणि खरं बोलावं तर समोर अक्का.

"का रे, गप्प का?" अक्का म्हणाल्या. "सांग की त्यांना."

"खरी आहे," मामा म्हणाले. "आमच्या मूळ पुरुषाची."

सिनेमा आला. व्हीलचेअर ढकलत आम्ही अक्कांना घेऊन गेलो. लढाई भर पावसातच झाली. मामांनी चकार शब्द काढला नाही. नायकानं ती तलवार उपसली, संथगतीत, विजांच्या कडकडाटात. अक्कांनी मामांचा हात धरला. "आपली," त्या म्हणाल्या. "होय अक्का," मामा म्हणाले. सिनेमाच्या त्या उजेडात मी मामांना पहिल्यांदाच डोळे पुसताना पाहिलं, आणि मला त्या कटकट्या माणसाबद्दल फार माया वाटली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. नंतरच्या खंडेनवमीला मला वाटलं, मामा आता मोकळे झाले, आता खरं काय ते सांगून टाकतील. पूजा झाली. वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलेले गृहस्थ प्रसादाला आले होते. त्यांनी हात जोडले आणि तलवार कुणाची म्हणून विचारलं. मामांनी मुठीवरचं कुंकू बोटानं सारखं केलं.

"आमच्या अक्काची," ते म्हणाले, आणि प्रसाद आणायला आत गेले.